भरल्या ताटावरून कोणाला उठवायचं?

मंडळी, या वीकेंडचा विषय आपल्या रोजच्या धंद्यातला आहे, पण लेख इतिहासाचा आहे. विषय असा की, एखादा प्रोग्रॅम मेमरी खात सुटला की सगळा संगणक का लटकतो, आणि तो लटकू नये म्हणून लोकांनी आजवर काय काय केलं.

दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे आहेत, शेजारी आयडीई चालू आहे, मागे एक व्हर्च्युअल मशीन आहे, आणि कुठेतरी एक बिल्ड सुरू आहे. अचानक माउसचा बाण अडखळतो. मग थांबतो. दहा सेकंदांनी एकदम दुसऱ्याच कोपऱ्यात उगवतो. गाणं एकाच सुरावर अडकतं. तुम्ही कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबता, मशीनला ते ऐकू गेलं की नाही तेही कळत नाही. शेवटी पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, आणि सेव्ह न केलेल्या सगळ्या कामाला रामराम.

याला आपण 'हँग झाला' म्हणतो. गंमत म्हणजे त्या क्षणी मशीन अजिबात झोपलेलं नसतं, उलट जीव तोडून राबत असतं. फक्त त्या राबण्यातून आपल्या वाट्याला काही येत नाही. हा आजार साठ वर्षांपूर्वीचा आहे, त्याचं निदानही १९६८ साली झालेलं आहे. मग औषध आपल्या टेबलापर्यंत पोचायला २०१८-२० का उजाडावं लागलं? मला हा प्रश्न भारी वाटतो, म्हणून हा लेख.

सुरुवात इंग्लंडातल्या मँचेस्टरपासून. तिथल्या विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीबरोबर 'ॲटलस' नावाचा संगणक बांधला. ७ डिसेंबर १९६२ ला त्याचं उद्घाटन झालं. याची मुख्य मेमरी होती १६,३८४ शब्दांची, एक शब्द ४८ बिटांचा. आजच्या हिशोबात ९६ किलोबाइट! फोनवरून एक फोटो पाठवायचा म्हटलं तरी पुरायची नाही. त्याच्या जोडीला गरागरा फिरणारा एक चुंबकीय ड्रम होता, त्यात याच्या सहापट जागा. ड्रम स्वस्त, पण मेमरीच्या तुलनेत कैक पट सावकाश.

तोवर प्रोग्रॅमरलाच ठरवावं लागे की कुठला भाग कधी ड्रमवरून मेमरीत आणायचा आणि कधी परत ठेवायचा. डोक्याला नुसता ताप. ॲटलसच्या मंडळींनी मेमरीची ५१२ शब्दांची एक अशी पानं पाडली आणि ही ने-आण यंत्रावरच सोपवून दिली. प्रोग्रॅमरला वाटावं की आपल्याकडे एकच मोठी सलग मेमरी आहे. हवं ते पान मेमरीत नसेल तर यंत्रच ते ड्रमवरून आणणार, आणि जागा करायला दुसरं एखादं पान बाहेर ठेवणार. कुठलं बाहेर ठेवायचं हे ठरवायला त्यांनी एक 'शिकणारा' प्रोग्रॅमही लिहिला होता, तो पानांचा आधीचा वापर बघून अंदाज बांधायचा. आज ज्याला आपण व्हर्च्युअल मेमरी म्हणतो ती ही.

घरातलं उदाहरण घ्या. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि वर माळा असतो. ओटा लहान, पण सगळं हाताशी. माळ्यावर जागा भरपूर, पण स्टूल घ्या, चढा, डबा काढा, उतरा. रोजची भांडी ओट्यावर आणि दिवाळीची पातेली माळ्यावर असतील तर सगळं सुखात चालतं. ॲटलसने तुमच्यासाठी माळ्यावर चढणारा एक गडी ठेवला, इतकंच.

या चढउताराची किंमत मात्र लक्षात ठेवा. आजच्या मशीनमध्ये रॅममधून काही उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून आणायला त्याच्या हजारपट, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला लाखपट. म्हणजे ओट्यावरचा चमचा उचलायला एक सेकंद लागत असेल, तर एसएसडीच्या माळ्यावरून तो आणायला सोळा-सतरा मिनिटं आणि हार्ड डिस्कच्या माळ्यावरून २७-२८ तास. चमचा आणायला!

आता समजा, त्या एकाच ओट्यावर चार जण स्वयंपाक करायला आले. प्रत्येकाला पोळपाट, कढई, तवा आणि मसाल्याचा डबा हवा. जागा पुरत नाही, म्हणून एकाची कढई माळ्यावर जाते आणि दुसऱ्याचा तवा खाली येतो. तवा खाली येईतो पहिल्याला कढई हवी असते. मग तवा वर, कढई खाली. गडी दिवसभर स्टुलावर चढतोय-उतरतोय, घामाघूम झालाय, आणि रात्री आठ वाजता बघावं तर एक पोळी झालेली नाही.

साठच्या दशकाच्या मध्यावर मोठ्या संगणकांवर नेमकं हेच व्हायला लागलं. एकाच मशीनवर अनेकांचे प्रोग्रॅम एकत्र चालवायची पद्धत नुकती आली होती. एक प्रोग्रॅम चालवला तर मशीन बराच वेळ रिकामं बसतं, म्हणून दोन चालवा, चार चालवा. आलेख छान वर जात राहायचा. आणि मग कुठल्याशा आकड्यानंतर तो उतरायचा नाही, कड्यावरून पडल्यासारखा कोसळायचा. पाचवा प्रोग्रॅम आत घेतला म्हणून फक्त पाचवा रखडला असं होत नव्हतं, पाचही जण ठप्प. याला नाव पडलं 'थ्रॅशिंग', म्हणजे नुसती झोडपाझोडपी.

आणखी वाईट भाग पुढे आहे. सगळे प्रोग्रॅम ड्रमची वाट बघत बसले की प्रोसेसर रिकामा दिसतो. प्रोसेसर रिकामा दिसला की यंत्रणेला वाटतं, काम कमी पडतंय, आणखी एक प्रोग्रॅम आत घ्या. म्हणजे गुदमरलेल्या माणसाच्या तोंडात आणखी एक घास!

एमआयटीमध्ये पीटर डेनिंग नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता. त्याने या आजाराचं निदान केलं. ऑक्टोबर १९६७ मध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्ग गावी झालेल्या परिषदेत त्याने आपली कल्पना मांडली आणि मे १९६८ मध्ये तो शोधनिबंध छापून आला. कल्पना इतकी साधी, की वाचल्यावर वाटतं, हे तर मलाही सुचलं असतं. (सुचलं नसतं.)

डेनिंग म्हणाला, प्रोग्रॅमने एकूण किती मेमरी मागितली हे बघू नका. गेल्या थोड्या वेळात त्याने खरोखर कुठल्या पानांना हात लावला ते बघा. तेवढा त्याचा 'वर्किंग सेट', म्हणजे हातातल्या पदार्थासाठी ओट्यावर असायलाच हवीत एवढी भांडी. हा संच मेमरीत मावत असेल तरच त्या प्रोग्रॅमला चालू द्या. मावत नसेल तर त्याला अर्धवट आत घेऊ नका, सरळ बाहेर थांबवा. चौघांना अर्धा-अर्धा ओटा देण्यापेक्षा दोघांना पुरता ओटा द्या, त्यांचं झालं की पुढचे दोघे. चौघांचंही जेवण लवकर होईल.

डिसेंबर १९६८ मध्ये त्याने थ्रॅशिंगची कारणं आणि उपाय यांवर वेगळा निबंधही लिहिला. म्हणजे विषय संपलाच म्हणायचा की! पाठ्यपुस्तकात धडा आहे, आपल्यातल्या बहुतेकांनी इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात त्यावर पाच मार्कांचं उत्तरही लिहिलंय. मग मशीन अजून का लटकतं?

एक कारण तंत्राचं आहे. डेनिंगच्या वाटेने जाणाऱ्या सिस्टिम निघाल्या. डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स संगणकावरची व्हीएमएस १९७८ साली बाहेर आली. तिच्यात प्रत्येक प्रोसेसला वर्किंग सेटची स्वतःची मर्यादा होती. एकाने हावरटपणा केला की त्याचीच पानं बाहेर जायची, शेजाऱ्याची नाही. व्हीएमएसवर काम केलेले डेव्ह कटलर पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये वर्किंग सेट ही कल्पना सोबत घेऊन आले. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये आजही 'वर्किंग सेट' हा शब्द भेटतो, तो हाच, एमआयटीहून आलेला.

युनिक्सवाल्यांची वाट वेगळी. बर्कलेच्या ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी १९७९ साली त्याच व्हॅक्स मशीनवर युनिक्समध्ये व्हर्च्युअल मेमरी आणली. त्यांनी सगळ्या प्रोसेसची पानं एकाच मोठ्या रांगेत धरली. घड्याळाच्या काट्यासारखा एक काटा त्या रांगेवरून फिरतो, आणि बऱ्याच वेळात कोणी हात लावला नाही असं पान बाहेर जातं, मग ते कोणाचंही असो. लिहायला सोपं, आणि एरवी उत्तम चालणारं. पण हा सगळ्यांचा मिळून एकच ओटा झाला. एकाने पसारा मांडला की बाकीच्यांची भांडी माळ्यावर. लिनक्सने पुढे हीच वाट धरली.

लिनक्सची गोष्ट तर झकास आहे. १९९१ च्या डिसेंबरात लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत विद्यार्थी होता आणि लिनक्स काही महिन्यांचं पोर होतं. जर्मनीतल्या एका माणसाच्या मशीनमध्ये २ मेगाबाइटच मेमरी होती आणि तेवढ्यात त्याचा कर्नल कंपाइल होईना. लिनसने नाताळच्या सुट्टीत बसून मेमरीतली पानं डिस्कवर टाकायची सोय लिहिली आणि जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीत ती आली. दूरच्या कुणा एकाची अडचण सोडवायला लिहिलेली सोय. बिचाऱ्याचा कर्नल सावकाश का होईना, कंपाइल तर झाला असणार. कंपाइल होणं महत्त्वाचं होतं, त्या दरम्यान माउस हलतो की नाही हा प्रश्न कोणाला पडणार?

आणि हेच दुसरं, जास्त महत्त्वाचं कारण. डेनिंगचं औषध होतं 'बाहेर थांबा'. रात्री पगारपत्रकं छापणाऱ्या मेनफ्रेमवर ते चालतं, कारण एखादा प्रोग्रॅम वीस मिनिटं रांगेत थांबला तरी कोणाचं काही बिघडत नाही. पण तुमच्या टेबलावर रांगेत कोणाला उभं करणार? ब्राउझरवर तुम्ही आत्ता क्लिक केलंय. एडिटरमध्ये तुम्ही आत्ता टाइप करताय. समोर माणूस बसलेला असताना 'तुमचा नंबर येईपर्यंत थांबा' म्हणणं आणि हँग होणं, यात त्या माणसाच्या दृष्टीने फरक काय?

रांग लावता येत नाही, म्हणजे मेमरी संपल्यावर एकच उपाय उरतो. कोणाला तरी मारायचं.

इथे लिनक्सच्या आणखी एका सवयीबद्दल सांगायला हवं. प्रोग्रॅम मेमरी मागतात तितकी वापरत नाहीत. १ गिगाबाइट मागतील आणि २०० मेगाबाइटला हात लावतील. म्हणून कर्नल बहुतेक मागण्यांना बिनदिक्कत 'हो' म्हणतो, जवळ तेवढी मेमरी असो वा नसो. लग्नाच्या पंक्तीसारखं आहे हे. पाचशे पत्रिका वाटायच्या आणि स्वयंपाक चारशेंचा करायचा, कारण सगळे कुठे येतात? बहुतेक वेळा हिशोब बरोबर निघतो. पण एखाद्या दिवशी सगळे येतात, पानावर बसतात, आणि भात संपतो. आता भरल्या ताटावरून कोणाला उठवायचं?

हे उठवण्याचं काम ज्याच्याकडे आहे त्याला म्हणतात 'ओओएम किलर', म्हणजे 'आउट ऑफ मेमरी' झाल्यावर येणारा मारेकरी. त्याआधी साधारण असं व्हायचं की, नेमक्या त्या क्षणी मेमरी मागायला जो गेला तो मेला. मग तो साधा घड्याळाचा प्रोग्रॅम का असेना. रिक व्हान रील या डच प्रोग्रॅमरने १९९८ ते २००० च्या दरम्यान यासाठी रीतसर निवड करणारा कोड लिहिला आणि जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलबरोबर तो सगळीकडे पोचला. प्रत्येक प्रोसेसला 'वाईटपणाचे' गुण द्यायचे. जास्त मेमरी खाणाऱ्याला जास्त गुण. बराच काळ चाललेल्याला थोडी सूट, कारण त्याने बरंच काम करून ठेवलेलं असणार. रूटच्या प्रोसेसलाही सूट. सगळ्यात जास्त गुण मिळवणारा मरणार. कोडमधल्या टिप्पणीत उद्देशही दिले होते: कमीत कमी काम वाया जावं, निरपराध कोणी मरू नये, शक्यतो एकालाच मारावं, आणि वापरणाऱ्याला जो मरावासा वाटेल तोच मरावा.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. कर्नलने माणसाच्या मनातलं ओळखायचं!

अर्थातच ते जमलं नाही. २००४ मध्ये एकाच्या मशीनवर मेमरी संपली आणि या मारेकऱ्याने निवडून मारलं ते कुलूप, म्हणजे स्क्रीन लॉक करणारा प्रोग्रॅम. पडदा उघडा, मशीन कोणालाही मोकळं. त्याने 'काही प्रोसेसना अभय द्या' असा पॅच पाठवला आणि लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर चर्चा पेटली. त्या चर्चेत आंद्रिस ब्राउवर यांनी एक रूपक लिहिलं, ते आजही लोक सांगतात. एका विमान कंपनीला शोध लागतो की कमी इंधन भरून विमानं उडवली तर पैसे वाचतात. कधीकधी इंधन संपतं आणि विमान पडतं. म्हणून कंपनीचे इंजिनिअर एक खास यंत्रणा बसवतात: इंधन कमी पडलं की एका प्रवाशाला निवडून बाहेर फेकायचं. मग कोणाला फेकायचं यावर मोठमोठे सिद्धांत तयार होतात. सगळ्यात जाडा? सगळ्यात म्हातारा? पैसे देऊन अभय विकत घेता यावं का? इंधनच पुरेसं का भरत नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

टोला सणसणीत होता. अभयाची सोय पुढे आलीच. २००५ पासून प्रत्येक प्रोसेसला एक आकडा चिकटवता येऊ लागला आणि ऑक्टोबर २०१० च्या २.६.३६ मध्ये डेव्हिड रिएंटजेस यांनी सगळी गुणपद्धतीच नव्याने लिहिली. उणे १००० म्हणजे पूर्ण अभय, अधिक १००० म्हणजे पहिला बळी. क्रोम ब्राउझर आपल्या टॅबच्या प्रोसेसना मुद्दाम चढा आकडा लावून ठेवतो, तो याच सोयीतून. मरायची वेळ आलीच तर एखादा टॅब जावा, पूर्ण ब्राउझर नको.

पण मंडळी, टेबलावरच्या मशीनचं दुखणं 'कोणाला मारतो' यापेक्षा 'कधी मारतो' हे होतं. मारेकरी येतो, पण फार उशिरा. हिंदी सिनेमातले पोलिस म्हणा ना :-)

याच काळात ऑस्ट्रेलियात एक माणूस डेस्कटॉपची बाजू एकहाती लढवत होता. कॉन कोलिवास. पेशाने भूलतज्ज्ञ डॉक्टर! त्याचं म्हणणं साधं होतं: सर्व्हरवर तासाला किती काम झालं हे मोजतात, पण माणसासमोरच्या मशीनवर बोट ठेवल्यावर ते किती लवकर हलतं हे महत्त्वाचं. त्याने यासाठी पॅचेसचा आपला वेगळा संचच चालवला. त्यातला एक असा होता की, एखाद्या अवजड प्रोग्रॅमने बाकीच्यांची पानं डिस्कवर ढकलली असतील, तर तो संपल्यावर मशीन रिकामं असताना ती पानं गुपचूप परत आणून ठेवायची. म्हणजे सकाळी ब्राउझरला हात लावल्यावर तो अर्धा मिनिट दळण दळत बसणार नाही. मुख्य कर्नलमध्ये हा पॅच घ्यावा की नाही यावर बराच वाद झाला. मोजून दाखवा, असं एका बाजूचं म्हणणं. अडखळणं आकड्यात दाखवणार कसं, ही दुसऱ्या बाजूची अडचण. पॅच घेतला गेला नाही आणि जुलै २००७ मध्ये कोलिवासने कर्नलचं काम सोडलं. (दोन वर्षांनी तो नवा शेड्युलर घेऊन परत आला, पण ती गोष्ट वेगळी.)

हा 'मोजणार कसं' प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दरम्यान एक महत्त्वाचा तुकडा दुसऱ्याच दिशेने आला. गूगलला एकाच मशीनवर अनेक कामं कोंबायची होती आणि एकाचा त्रास दुसऱ्याला नको होता. तिथल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये प्रोसेसचे गट करायचं काम सुरू केलं, तेच जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये 'सी-ग्रुप' नावाने आलं. त्यात मेमरीची मर्यादा घालणारा भाग आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमधले बलबीर सिंग आणि त्यांच्या जोडीने ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव यांनी लिहिला. एप्रिल २००८ मध्ये तो २.६.२५ बरोबर बाहेर पडला. आता प्रत्येक गटाचा आपापला हिशोब, आपापली पानांची रांग. म्हणजे एका ओट्याचे वाटे झाले, प्रत्येकाने आपल्या वाट्यात काय तो पसारा घालावा. व्हीएमएसमधली मर्यादा तीस वर्षांनी लिनक्समध्ये नव्या रूपात परतली म्हणायला हरकत नाही. डॉकर आणि कुबरनेटीस रोज वापरणाऱ्यांना 'ओओएम-किल्ड' हा शब्द ओळखीचा असेल, त्याची मर्यादा याच कोडातून येते.

आणि त्याच वर्षी, ऑक्टोबर २००८ मध्ये, पहिला अँड्रॉइड फोन विकायला आला. आतमध्ये लिनक्सच, मेमरी तुटपुंजी आणि डिस्कवर पानं टाकायची सोयही नाही. फोन तर लटकून चालणारच नाही, कॉल आला की वाजलाच पाहिजे. अँड्रॉइडने प्रश्नच उलटा केला. मेमरी संपायची वाट बघायची नाही, कमी व्हायला लागली की लगेच मारायला सुरुवात. आणि कोणाला हे ओळखायची गरज नाही, कारण पडद्यावर कोण आहे हे फोनला माहीत असतं. समोर दिसणारा ॲप सगळ्यात शेवटी मरणार, मागे पडून राहिलेले आधी.

पण खरी गोम पुढे आहे. अँड्रॉइडने ॲप लिहिणाऱ्यांशी पहिल्याच दिवशी करार केला: तू मागे गेलास की तुला कधीही मारलं जाईल, कारण सांगितलं जाणार नाही, तेव्हा काय जपायचं ते आधीच जपून ठेव. परत उघडल्यावर वापरणाऱ्याला तू मेला होतास हे कळता कामा नये. आयफोननेही असंच काहीसं केलं. तुमच्या फोनमधले ॲप दिवसभर असे मरत असतात आणि तुम्हाला पत्ताही नसतो. टेबलावरच्या मशीनवर असा करार कधी झालाच नाही. तिथे प्रोग्रॅम मरणं म्हणजे अपघात.

आता ऑगस्ट २०१९. लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर एका वापरकर्त्याने पत्र टाकलं. म्हणाला, करून बघा: मेमरी ४ गिगाबाइट ठेवा, स्वॅप पूर्ण बंद करा, ब्राउझर उघडा आणि टॅबमागून टॅब उघडत जा. एका क्षणी मशीन असं ठप्प होईल की माउसचा बाणही धड हलणार नाही, डिस्कचा दिवा मात्र अखंड लुकलुकत राहील.

नीट बघा, स्वॅप बंद आहे! मग डिस्कवर काय चाललंय? उत्तर असं की, मेमरीत प्रोग्रॅमचा डेटा असतो तसा खुद्द प्रोग्रॅमचा कोडही असतो. कोडची मूळ प्रत डिस्कवर असतेच, त्यामुळे कर्नल ती पानं बेधडक टाकून देतो, लागली तर परत वाचू म्हणून. पण ती तर क्षणाक्षणाला लागतात. ब्राउझरचा कोड टाकला, तो परत वाचला, त्यासाठी पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड टाकला, तोही परत वाचला. म्हणजे डेनिंगचं थ्रॅशिंगच, फक्त मागच्या दाराने. 'स्वॅप बंद केला की मशीन हँग होत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत, त्यांना हे दाखवा.

आणि मारेकरी का येत नाही? कारण कर्नलच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय. पान मागितलं, शोधलं, मिळालं. प्रत्येक वेळी मिळतंय, म्हणजे मेमरी 'संपलेली' नाही. गडी प्रत्येक वेळी डबा काढून देतोय, तक्रार कसली? पोळी होत नाही हे मोजणारं तिथे कोणीच नाही.

ते मोजणारं आलं २०१८ मध्ये. फेसबुकमधले योहानेस वायनर यांनी 'प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन', थोडक्यात 'पीएसआय', लिहिलं आणि डिसेंबर २०१८ च्या ४.२० कर्नलमध्ये ते आलं. किती मेमरी उरली हे ते सांगत नाही. मेमरीची वाट बघण्यात किती वेळ फुकट गेला ते सांगतं: गेल्या १० सेकंदांत, ६० सेकंदांत, ३०० सेकंदांत, किती टक्के वेळ कोणीतरी अडकून होतं आणि किती टक्के वेळ सगळेच अडकून होते. बास. कोलिवासच्या वेळी जे आकड्यात मांडता येत नव्हतं त्याला अखेर आकडा मिळाला. २०१९ च्या त्या पत्रावरच्या चर्चेतही वायनर याच आकड्याच्या आधारे वेळेवर मारायचा उपाय घेऊन आले.

तो आकडा बघून वेळेत मारणारा 'ओओएमडी' फेसबुकने २०१८ मध्येच खुला केला होता, पण तो सर्व्हरसाठी. डेस्कटॉपवर फेडोराने एप्रिल २०२० च्या ३२ व्या आवृत्तीत आधी 'अर्ली-ओओएम' हा साधा पहारेकरी बसवला. उरलेली मेमरी आणि स्वॅप दोन्ही ठरावीक टक्क्यांखाली गेले की तो सगळ्यात वाईट प्रोसेसला आधी 'आवरून घे' सांगतो, तरी नाही ऐकलं तर मारतो. मग एप्रिल २०२१ मध्ये पीएसआयवर चालणारा 'सिस्टमडी-ओओएमडी' आला. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटूनेही तो घेतला. आणि काय झालं? तक्रारींचा पाऊस! 'काम करताना अख्खा ब्राउझर गायब झाला', 'मशीन तर मस्त चाललं होतं, मग का मारलं?' हा पहारेकरी एकेक प्रोसेस न मारता पूर्ण गट मारतो, त्यामुळे टॅब न जाता सगळं दुकानच बंद. उबुंटूने नंतर त्याची सेटिंग सैल केली.

मला हा प्रसंग सगळ्यात बोलका वाटतो. साठ वर्षांनी आपण वेळेवर मारायला शिकलो, तर लोक म्हणाले, याच्यापेक्षा हँग झालेलं बरं होतं. आणि त्यांचं चूक नाही. हँग झालेलं मशीन कदाचित सुटेल, अशी आशा तरी असते. मेलेल्या एडिटरमधला न सेव्ह केलेला परिच्छेद गेला तो गेलाच. मशीन चालू ठेवणं हा उद्देश नव्हताच, त्या माणसाचं काम चालू राहणं हा होता.

म्हणून मला वाटतं, उत्तर कर्नलपेक्षा आपल्या हातात जास्त आहे. कर्नलकडून जे व्हायचं ते होतंय. मॅकवर ऑक्टोबर २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आणि विंडोजवर २०१५ च्या विंडोज १० पासून पानं माळ्यावर टाकण्याआधी मेमरीतच दाबून लहान केली जातात, फेडोरातही ऑक्टोबर २०२० पासून तेच. गूगलच्या यू झाओ यांनी लिहिलेली पानं निवडायची नवी पद्धत डिसेंबर २०२२ च्या ६.१ कर्नलमध्ये आली, ती कुठलं पान खरंच शिळं झालंय ते जास्त हुशारीने ओळखते. पण मारायची वेळ कधी ना कधी येणारच. तेव्हा मरणं स्वस्त हवं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये मागचे टॅब टाकून द्यायला आणि क्लिक केल्यावर परत आणायला सुरुवात केली, ते अँड्रॉइडच्या कराराचंच डेस्कटॉपवरचं छोटं रूप. जो एडिटर दर काही सेकंदांनी आपलं काम स्वतःहून जपून ठेवतो त्याला मारायला काहीच हरकत नाही. जो 'सेव्ह करू का?' विचारायची वाट बघत बसतो, त्याचं मरण महागच पडणार.

ज्यांना आजच काही करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्सवर थोडा तरी स्वॅप ठेवा, शक्यतो मेमरीतच दाबून ठेवणारा झेड-रॅम. खादाड बिल्ड किंवा व्हर्च्युअल मशीन सिस्टमडीच्या वेगळ्या गटात चालवा आणि त्याला 'मेमरी-हाय' लावा, म्हणजे ती मर्यादा ओलांडली की त्याचाच वेग उतरतो, तुमच्या माउसचा नाही. 'मेमरी-मॅक्स' ही शेवटची भिंत, त्यापलीकडे मरण. आणि 'प्रॉक' खालच्या 'प्रेशर' फोल्डरमधली 'मेमरी' नावाची फाइल एकदा उघडून बघाच. त्यातले आकडे शून्याच्या आसपास असतील तर रॅम ९० टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. भरलेला ओटा वाईट नसतो, पोळ्या होतायत ना ते बघायचं.

असो, बरंच लांबलं. सोमवारी कोड लिहायला बसाल तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा: माझा प्रोग्रॅम आत्ता, या क्षणी, न सांगता कोणी मारला, तर वापरणाऱ्याचं काय जाईल? उत्तर 'काही नाही' असेल तर पंक्तीतून उठायला तुम्ही खुशाल तयार आहात. नसेल, तर तेवढं आधी दुरुस्त करा.